गुलाबी कागदावरचं वर्तमानपत्र

निघायच्या आदल्या रात्री जावयांनी माझ्या तळहातावर पाव डॉलरचं नाणं ठेवलं. २०२५ साली निघालेलं, आणि त्यावर आयडा बी. वेल्स. "सुट्या पैशांत आलं, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलं," म्हणाले.

मी साताऱ्याच्या एका दैनिकात एकतीस वर्षं प्रूफं वाचली. नावं, गावं, तारखा, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ. बातमी कुणीही लिहो, मेलेल्या माणसाचं नाव चुकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरचं कुणीतरी अंक हातात घेऊन माझ्या टेबलापुढे उभं राहायचं. निवृत्तीनंतर लेकीने शिकागोहून आयडाचं आत्मचरित्र आणून दिलं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते चार महिने वाचलं, आणि ही बाई आपल्या टेबलावरची आहे असं वाटत राहिलं. गुलामगिरीत जन्मलेली, सोळाव्या वर्षी पोरकी झालेली, मास्तरीण, मग संपादक. झुंडीने मारलेल्या माणसांची नावं, तारखा आणि कारणं गोळा करून तिने सगळ्या देशापुढे मांडली. या वेळी लेकीकडे आले तेव्हा सांगूनच टाकलं, नायगारा राहू दे, मला मेम्फिसला ने.

पहिला दिवस : मेम्फिस

शिकागोहून विमानाने दीड तास. ऑक्टोबर असूनही इथे ऊन बोचत होतं. हॉटेलात बॅगा टाकून आम्ही थेट बील स्ट्रीटवर गेलो. हा ब्लूज संगीताचा रस्ता; दुपारी सुस्तावलेला आणि संध्याकाळी निऑनच्या पाट्यांनी उजळणारा. गर्दी जिथे विरळ होते तिथे, चौथ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, आयडाचा ब्राँझचा पुतळा आहे. १६ जुलै २०२१ रोजी, तिच्या वाढदिवशी, तो उभा राहिला. जवळच बील स्ट्रीटचं बॅप्टिस्ट चर्च आहे, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी बांधलेलं. आयडाच्या वर्तमानपत्राचं कार्यालय सुरुवातीला याच चर्चमध्ये होतं.

वर्तमानपत्राचं नाव 'फ्री स्पीच अँड हेडलाइट'. १८८९ साली ती त्यात भागीदार झाली आणि संपादनही तिच्याकडे आलं. दिवसा ती शाळेत शिकवायची. काळ्या मुलांच्या शाळांची दुरवस्था तिने स्वतःच्याच पत्रात छापली आणि १८९१ साली नोकरी गेली. मग तिने पूर्ण वेळ पत्रालाच दिला. गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले.

एक गोष्ट मला फार आवडते. अंक विकत घेणाऱ्यांत वाचता न येणारे पुष्कळ होते. ते अंक घरी नेऊन कुणाकडून तरी वाचून घेत. काही विक्रेते त्यांना फसवून भलतंच पत्र हातात द्यायचे. म्हणून आयडाने अंक गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. अक्षर ओळखता येत नसलं तरी रंग ओळखता येतो. लोक येऊन गुलाबी पेपर मागू लागले.

तो गुलाबी नेमका कसला असेल, गुलाबाच्या पाकळीचा की पतंगाच्या कागदाचा, हे मला चर्चच्या पायऱ्यांवर बसून लेकीला विचारावंसं वाटलं. पण ते आता कुणालाच सांगता येणार नाही. 'फ्री स्पीच'चा एकही अंक आज शिल्लक असल्याचं ज्ञात नाही. त्यातली जी वाक्यं उरली आहेत ती इतर पत्रांनी उतरवून घेतली म्हणून, आणि आयडाने पुढे पुन्हा लिहिली म्हणून.

आमच्या दैनिकाच्या माळ्यावर १९५० सालापासूनच्या फायली होत्या. वाळवी लागली, पावसाचं पाणी गेलं, तरी प्रत्येक वर्षातलं काही ना काही उरलंच. एका पत्राचा एकसुद्धा अंक उरू नये, याला वाळवी पुरत नाही.

दुसरा दिवस : वळणावरचं दुकान

सकाळी मिसिसिपी बुलेव्हार्ड आणि वॉकर अव्हेन्यू जिथे मिळतात तिथे गेलो. पूर्वी ट्राम इथे वळायची म्हणून या भागाला 'द कर्व्ह', म्हणजे वळण, असंच म्हणत. इथे 'पीपल्स ग्रोसरी' नावाचं किराणा दुकान होतं, काळ्या लोकांनी भांडवल जमवून सहकारी पद्धतीने चालवलेलं. आता दुकान नाही. एक पाटी आहे. मोटारी जातात, बसथांब्यावर माणसं उभी असतात. आम्ही पाटी वाचत होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, आमच्याबरोबर उभे राहिले, काही न बोलता मान हलवून निघून गेले.

दुकान चालवणाऱ्यांपैकी टॉमस मॉस दिवसा पोस्टमन होता. आयडाचा तो जिवलग मित्र. त्याची मुलगी मॉरीन हिची ती धर्ममाता. समोरच एका गोऱ्या माणसाचं किराणा दुकान होतं, तोवर या भागात एकटंच. मार्च १८९२ मध्ये गोट्या खेळणाऱ्या पोरांचं भांडण झालं, ते मोठ्यांत गेलं, धमक्या आल्या. एका रात्री साध्या कपड्यांतली हत्यारबंद माणसं मागच्या दाराने दुकानात शिरू लागली. आतल्यांनी गोळ्या झाडल्या, तिघे जखमी झाले. ते सरकारी शिपाई निघाले. धरपकड झाली. मॉस, कॅल्व्हिन मॅकडॉवेल आणि स्ट्युअर्ट हे दुकानाशी जोडलेले तिघे तुरुंगात होते. जखमी वाचणार अशी बातमी आली, म्हणजे कायद्याने फाशी होणार नाही हे दिसलं. ९ मार्चच्या पहाटे झुंड तुरुंगात शिरली आणि तिघांना बाहेर काढून रेल्वेच्या यार्डात नेऊन गोळ्या घातल्या. माझ्या माणसांना सांगा, पश्चिमेला जा, इथे न्याय नाही, असं मॉस शेवटी म्हणाल्याचं वर्तमानपत्रांतच छापून आलं.

स्ट्युअर्टचं पहिलं नाव मी लिहिलं नाही, कारण ते काही ठिकाणी विल आहे आणि काही ठिकाणी हेन्री. वहीत मी दोन्ही लिहून ठेवलं. माणूस मारला, दुकान बुडवलं आणि नावसुद्धा धड पुढे आलं नाही. पाटीपुढे उभं राहून मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

आयडा तेव्हा पत्राच्या कामाला बाहेरगावी होती. परतली तोवर मित्राला माती दिलेली होती. तोपर्यंत तिचाही समज असा होता की झुंड मारते ती बलात्काराच्या आरोपींना. चूकच ते, पण रागाच्या भरात होत असेल. मॉसने काय केलं होतं? दुकान चांगलं चालवलं होतं. त्या दिवसापासून ती प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी जाऊ लागली.

पैसे साठवा आणि हे शहर सोडा, असं तिने पत्रात लिहिलं. लोकांनी खरंच सोडलं. शेकडो कुटुंबं ओक्लाहोमाकडे निघाली. तिकडे उपासमार आहे अशा बातम्या गोरी पत्रं छापू लागली, तेव्हा ती स्वतः तीन आठवडे ओक्लाहोमात फिरून आली आणि पाहिलं ते छापलं. मागे राहिलेल्यांनी ट्रामने जाणं बंद केलं. ट्राम कंपनीचे दोन अधिकारी तिच्या कार्यालयात आले. आमच्या गाड्या आता विजेवर चालतात, तुमचे लोक विजेला भितात का, असं विचारू लागले. आयडाने विचारलं, लोक येणं कधीपासून बंद झालं? सहा आठवडे झाले. मग सहा आठवड्यांपूर्वी काय झालं ते आठवा. त्याच्याशी आमच्या कंपनीचा काय संबंध, असं ते म्हणाले. ते गेल्यावर तिने हा सगळा संवाद जसाच्या तसा छापला, आणि पुढच्या रविवारी मोठ्या चर्चमध्ये जाऊन सांगितलं, ट्रामपासून दूरच राहा.

२१ मे १८९२ च्या अंकात तिने लिहिलं की काळे पुरुष गोऱ्या बायकांवर बलात्कार करतात हे जुनं, विरलेलं खोटं इकडे कुणाला खरं वाटत नाही. शहरातल्या गोऱ्या पत्रांनी लिहिणाऱ्याला जाळण्याची, कापण्याची भाषा केली. त्यांना वाटलं पुरुषाने लिहिलंय. आठवड्याच्या आत कार्यालय उद्ध्वस्त झालं. आयडा तेव्हा पूर्वेकडच्या दौऱ्यावर होती म्हणून वाचली. परत आलीस तर ठार मारू, असा निरोप होता. ती न्यूयॉर्कला राहिली आणि 'न्यूयॉर्क एज'मध्ये तोच मजकूर नावं, तारखा, ठिकाणं यांच्यासह आणखी विस्ताराने लिहिला.

दुपारी साउथ पार्कवेवरच्या झायन ख्रिश्चन दफनभूमीत गेलो. ते तिघे इथे आहेत. जागा मोठी, गवत वाढलेलं, बरेच दगड झुकलेले. आयडाने एका भाषणात मॉरीनबद्दल सांगितलं होतं. दीड-दोन वर्षांची ती पोर कपाटाकडे डुगडुगत जायची, वडिलांच्या पोस्टमनच्या गणवेशाची विजार धरून तिचे मुके घ्यायची आणि उचलून घ्या म्हणून हात वर करायची. लेकीला हे सांगताना माझा आवाज गेला. तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि आम्ही बराच वेळ तिथेच बसलो.

संध्याकाळी लॉरेन मोटेल पाहिलं, जिथे १९६८ साली मार्टिन लूथर किंग यांना गोळी लागली. आता तिथे नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. त्यावर वेगळं लिहायला हवं, दोन ओळींत ते बसणार नाही.

तिसरा दिवस : हॉली स्प्रिंग्ज

मेम्फिसहून आग्नेयेला मोटारीने तासाभरात मिसिसिपी राज्यातलं हॉली स्प्रिंग्ज येतं. लहान गाव, मध्ये कोर्टाचा चौक, भोवती झाडं. बोलिंग-गेटवूड घर यादवी युद्धाआधीचं. आता तिथे आयडाच्या नावाचं संग्रहालय आहे. मालक बोलिंग हा घरं बांधणारा. आयडाचे वडील जेम्स त्याच्याकडे सुतारकाम शिकले, आई लिझी त्याच्याकडे स्वयंपाक करायची. १६ जुलै १८६२ रोजी आयडा जन्मली ती गुलाम म्हणून. मुक्तीचा जाहीरनामा साडेपाच महिन्यांनी निघाला.

खोल्यांत जुनं सामान, भिंतींवर छायाचित्रं, आयडाच्या मुलांचे, नातवंडांचे चेहरे. दाखवणाऱ्या बाई हळू बोलत होत्या, मला समजावं म्हणून आणखी हळू. जेम्सची गोष्ट त्यांनी सांगितली. मुक्तीनंतरही तो बोलिंगकडे कामाला होता. मतदान आलं. बोलिंगच्या सांगण्याप्रमाणे त्याने मत दिलं नाही. परतला तर कारखान्याला कुलूप. तो कुणाशी काही बोलला नाही. गावात गेला, नवी हत्यारं विकत घेतली, रस्त्यापलीकडे घर भाड्याने घेतलं आणि बायकोमुलांना तिकडे हलवलं. खिडकीतून त्यांनी समोरचा रस्ता दाखवला. मला वाटतं, आयडा पुढे जे वागली त्याचं बी त्या एका दुपारी पडलं.

मुक्तीनंतर रस्ट कॉलेज इथेच १८६६ साली निघालं. जेम्स त्याच्या विश्वस्तांत होता. आईसुद्धा मुलांबरोबर शाळेत जाऊन बसायची, बायबल वाचता येईपर्यंत. आयडा वडिलांना आणि त्यांच्या मित्रांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची.

इथे मला आमचे जोतीराव आठवले. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. त्या वर्षी ही मुलगी अकरा वर्षांची होती. पुण्यातून जी उमेद दिसत होती ती खोटी नव्हती. रस्ट कॉलेज खरं होतं, जेम्सचं मत खरं होतं. पण चारच वर्षांत, १८७७ साली, केंद्राने दक्षिणेतल्या मुक्तांच्या पाठीवरचा हात काढला, आणि पुढचं सगळं या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागलं.

१८७८ साली पीतज्वराची साथ आली. आयडा खेड्यात आजीकडे होती. आई, वडील आणि धाकटं बाळ गेल्याचं तिला तिथे कळलं. जाऊ नकोस म्हणून सगळे सांगत होते. प्रवाशांच्या गाड्या बंद होत्या, ती मालगाडीने आली. आधीचे दोन गार्ड साथीत गेले म्हणून गाडीला काळं कापड बांधलेलं होतं. घरी पाच भावंडं. वडिलांच्या मेसन संघटनेतले मित्र बसून मुलांची वाटणी करू लागले: हा याच्याकडे, ती तिच्याकडे, आणि पाठीच्या दुखण्याने अधू झालेली युजेनिया गरिबांच्या आश्रयगृहात. आयडाने सांगितलं, घर मोडायचं नाही, मला काम मिळवून द्या. झगे लांब करून ती मोठी दिसू लागली आणि शिक्षिकेची परीक्षा पास झाली. पगार महिना २५ डॉलर, शाळा सहा मैलांवर. शुक्रवारी संध्याकाळी खेचरावरून घरी, शनिवार-रविवारी धुणं, इस्त्री, आठवड्याचा स्वयंपाक.

माझी आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मागे तीन भावंडं. आम्हाला वडील होते, मामा होते, त्यामुळे बरोबरी करत नाही. पण शनिवारचं धुणं काय असतं ते मला माहीत आहे.

तिसरी रात्र : रेल्वे

शिकागोला परत जायला मी हट्टाने रेल्वेचं तिकीट काढायला लावलं. 'सिटी ऑफ न्यू ऑर्लीन्स' रात्री साडेदहानंतर मेम्फिसहून सुटते. लेकीला विमान सोयीचं होतं, पण आयडाची पहिली लढाई रेल्वेच्या डब्यातली आहे.

विशीतली आयडा मेम्फिसच्या उत्तरेला वुडस्टॉकच्या शाळेत शिकवायची. पहिल्या वर्गाचं तिकीट काढून ती बायकांच्या डब्यात बसली. कंडक्टरने धूम्रपानाच्या डब्यात जायला सांगितलं. ती उठली नाही. त्याने हात धरून ओढलं, ती त्याच्या हाताला चावली. मग तिघांनी मिळून तिला ओढलं आणि डब्यातले गोरे प्रवासी टाळ्या वाजवत राहिले. तिने रेल्वेवर खटला भरला. १८८४ साली ५०० डॉलरची भरपाई मिळाली. १८८७ साली टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला, वर खर्चही तिच्याच अंगावर टाकला. शक्य असतं तर सगळ्या आपल्या माणसांना कवेत घेऊन इथून उडून गेले असते, असं तिने नंतर रोजनिशीत लिहिलं.

आमच्या डब्यात बहुतेक प्रवासी काळे होते. एक आजी डोक्याला रेशमी रुमाल बांधून लगेच झोपल्या. एका आईने मांडीवरच्या पोराला शेंगदाणे सोलून दिले. मला झोप नव्हती. हाच दक्षिणेकडून शिकागोकडचा मार्ग, ज्यावरून पुढच्या पिढ्यांतले लाखो लोक सामान बांधून उत्तरेला गेले.

पहाटे दोनच्या सुमारास गाडी लांबच लांब पुलावर आली. खाली ओहायो नदी. एके काळी गुलामीची राज्यं या काठापर्यंत. पलीकडे इलिनॉय राज्यातलं केरो. दक्षिणेकडे जाणाऱ्या काळ्या प्रवाशांना केरोला डबा बदलून वेगळ्या डब्यात बसावं लागे. आणि याच केरोत १९०९ साली विल्यम जेम्स नावाच्या माणसाला झुंडीने मारलं. कैदी झुंडीच्या हाती लागला तर शेरीफची, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाची, नोकरी जाईल, असा कायदा इलिनॉयमध्ये १९०५ पासून होता. शेरीफला काढलं, आणि तो परत नेमणूक मागू लागला. कुणीतरी केरोला जाऊन पुरावा गोळा करायला हवा होता. आयडा तोवर चार मुलांची आई होती, थकलेली होती. पुरुषांनी सभेत मागे राहायचं आणि हिने पुढे जायचं याचा तिला वीट आला होता. नाही म्हणून ती झोपायला गेली. थोरल्या मुलाने येऊन सांगितलं, आई, तू गेली नाहीस तर कुणीच जाणार नाही. ती गेली, घरोघर हिंडली आणि गव्हर्नरपुढे स्वतः युक्तिवाद केला. शेरीफला परत घेतलं गेलं नाही.

लेक जागी झाली होती. "आई, झोप ना गं थोडं," म्हणाली. मी तिला केरो दाखवायला गेले, पण खिडकीबाहेर नुसता अंधार होता.

चौथा दिवस : शिकागो

गाडी वेळेवर पोचली. जावई मोटार घेऊन आले होते. घरी न जाता दक्षिण भागात ब्रॉन्झव्हिलला गेलो. किंग ड्राइव्हवर ३६२४ क्रमांकाचं दगडी घर. आयडा आणि तिचे वकील पती फर्डिनंड बार्नेट १९१९ पासून दहाएक वर्षं इथे राहिले. आत कुणी राहतं, म्हणून फुटपाथवरूनच पाहिलं.

आत्मचरित्र तिने १९२८ च्या सुमाराला लिहायला घेतलं. त्याचं कारण तिनेच सांगितलंय. एका पंचवीस वर्षांच्या मुलीने सभेत तिची तुलना जोन ऑफ आर्कशी केली. का केलीस, असं विचारल्यावर मुलीला काही सांगता येईना. लोक आदराने नाव घेतात, पण काय केलं हे कुठे लिहिलेलंच नाही, हे आयडाच्या ध्यानात आलं. २५ मार्च १९३१ रोजी ती गेली तेव्हा हस्तलिखित वाक्याच्या मध्येच थांबलेलं होतं. मुलगी आल्फ्रेडा हिने ते सांभाळलं, संपादित केलं आणि १९७० साली शिकागो विद्यापीठाकडून छापून आणलं. शेवटचं अर्धं वाक्य तिने अर्धंच ठेवलं. मी आयुष्यभर इतरांची अपुरी वाक्यं पुरी करून दिली. त्या वाक्याला मीही हात लावला नसता.

तिथून सदतिसाव्या रस्त्याजवळच्या स्मारकाकडे. १९४१ पासून इथे आयडाच्या नावाची सरकारी वसाहत होती. ती पाडली गेली, आणि २०२१ साली त्याच जमिनीवर शिल्पकार रिचर्ड हंट यांचं 'लाइट ऑफ ट्रूथ' उभं राहिलं: ब्राँझचे तीन खांब वर जाऊन ज्वाळेसारखे पिळवटलेले. पायथ्याशी तिची वाक्यं कोरली आहेत. अन्याय दूर करायचा तर त्यावर सत्याचा उजेड टाकायचा, या तिच्या वाक्यावरून शिल्पाचं नाव आलं.

तो उजेड ती कशी टाकायची, ते मला या दगडधातूपेक्षा तिच्या १८९५ सालच्या 'अ रेड रेकॉर्ड' या पुस्तकात जास्त दिसतं. तिने आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच पत्राने, 'शिकागो ट्रिब्यून'ने, छापलेले. तुम्हीच छापलंय, आता खोटं कसं म्हणाल? मग याद्या: तारीख, नाव, गाव आणि आरोप. आरोपाच्या रकान्यात गोऱ्यांचा अपमान, असंही येतं. काहीच गुन्हा नाही, असंही येतं. आधीच्या पुस्तिकेत तिने दाखवलं होतं की आठ वर्षांत मारलेल्या ७२८ जणांपैकी बलात्काराचा नुसता आरोपसुद्धा एक तृतीयांशांवरच होता. विशेषणं जवळजवळ नाहीतच. रकानेच्या रकाने नावं.

१८९८ साली ती राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना भेटून लिंचिंगविरोधात बोलली. केंद्राचा कायदा २९ मार्च २०२२ रोजी झाला. त्या समारंभात तिची पणती मिशेल डस्टर बोलली. मधली १२४ वर्षं मी वहीत वजाबाकी करून पुन्हा तपासली.

ओक वुड्स दफनभूमीत नवराबायको एकाच दगडाखाली आहेत. त्यावर 'न्यायाचे लढवय्ये' अशा अर्थाचे शब्द आहेत, दोघांना मिळून. ते मला बरं वाटलं, कारण बार्नेट यांनी मुलं सांभाळून तिला दौऱ्यांवर जाऊ दिलं होतं. मी पाव डॉलरचं नाणं दगडावर ठेवणार होते. मग वाटलं, हे साताऱ्याला न्यावं आणि शाळेतल्या मुलींना दाखवावं. नुसती फुलं ठेवली.

घरी निघताना जावई म्हणाले, "सासूबाई, अजून एक दाखवायचंय." शहराच्या मध्यातून जाणारा हमरस्ता, पूर्वीचा काँग्रेस पार्कवे. २०१९ पासून तो आयडाच्या नावाचा आहे. लेक याच रस्त्याने रोज ऑफिसला जाते. "मी पाटी कधी वाचलीच नाही गं," ती म्हणाली.

सिग्नलला गाडी थांबली. वर हिरवी पाटी होती. मी चष्मा नीट केला आणि एकेक अक्षर करून नाव तपासलं. बरोबर होतं.